लघुसैनिकांचे युद्धखेळ : नियम, प्रमाण आणि इतिहासाचे अर्थनिर्णयन

प्रस्तावना

मोठ्या टेबलावर डोंगर, नदी, गाव आणि रस्ते मांडावेत, त्यावर रंगविलेल्या धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या सैनिकांच्या पलटणी उभ्या कराव्यात आणि ठरलेल्या नियमांनुसार, फासे टाकीत एखादी जुनी लढाई पुन्हा लढावी, हा छंद युरोप व अमेरिकेत ‘हिस्टॉरिकल मिनिएचर वॉरगेमिंग’ या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे या छंदाचा परिचय मर्यादित आहे. ज्यांना तो आहे त्यांपैकी अनेकांच्या दृष्टीने ती प्रौढांची बाहुल्यांशी खेळण्याची हौस असते. हा समज सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही; तथापि तो अपुरा आहे.

या छंदाचे इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्व वाटावे असे एक कारण आहे. लढाईविषयी लिहिणाऱ्या इतिहासकाराला काही प्रश्नांवर संदिग्ध राहता येते. ‘घोडदळाच्या जोरदार हल्ल्यामुळे डावी बगल कोसळली’ असे वाक्य लिहिताना हल्ला किती जोरदार होता आणि बगल नेमकी किती वेळाने कोसळली, हे सांगण्याची सक्ती त्याच्यावर नसते. खेळाचे नियम रचणाऱ्याला ही सवलत नाही. त्याला आकडा द्यावाच लागतो. त्यामुळे युद्धखेळातील प्रत्येक नियम हे इतिहासाविषयीचे एक विधान असते, मग नियम रचणाऱ्याला त्याची जाणीव असो वा नसो. प्रस्तुत लेखात या छंदाची घडण आणि त्याची अंतर्गत रचना या दृष्टीने तपासली आहे.

प्रशियातील प्रारंभ

बुद्धिबळाचा पट विस्तारून त्यातून युद्धशिक्षण देण्याचे प्रयत्न अठराव्या शतकात जर्मन भाषिक प्रदेशात झाले. ब्रन्सविक येथील योहान हेलविग याने १७८० मध्ये प्रसिद्ध केलेला खेळ त्यांत विशेष उल्लेखनीय होय. त्यात चौकटींना भूप्रदेशाचे गुणधर्म होते आणि सोंगट्यांना पायदळ, घोडदळ व तोफखाना यांचे. मात्र चौकटींचे बंधन कायम होते. प्रत्यक्ष जमीन चौकटींत विभागलेली नसते, ही साधी अडचण दूर करण्याचे काम राइसविट्झ पितापुत्रांनी केले.

पिता गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ हे मुलकी अधिकारी होते. त्यांनी भूप्रदेशाचे लहान लहान साचेबद्ध तुकडे हवे तसे जुळवून रणभूमी तयार करता येईल असे एक टेबल १८१२ मध्ये प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्यासमोर ठेवले. राजघराण्याला तो खेळ आवडला, पण तो राजवाड्यापुरताच राहिला. तोफखान्यात अधिकारी असलेल्या त्यांच्या पुत्राने टेबल बाजूला सारले आणि १:८००० प्रमाणाचा लष्करी नकाशा घेतला. १८२४ मध्ये त्याचे नियम ‘क्रीग्सश्पील’ म्हणजे ‘युद्धखेळ’ या नावाने प्रसिद्ध झाले.

या नियमांतील चार गोष्टी आजही टिकून आहेत. खेळाची एक पाळी ही प्रत्यक्षातील दोन मिनिटांची मानली गेली. गोळीबाराचा परिणाम फाशांनी ठरविला गेला. पण फाशांवरील आकडे मनाला येतील तसे नव्हते, शार्नहोर्स्ट याने केलेल्या गोळीबाराच्या चाचण्यांतील नोंदींचा त्यांना आधार होता. दोन्ही पक्षांना लेखी हुकूम द्यावे लागत. आणि दोघांमध्ये एक पंच असे. शत्रूच्या कोणत्या तुकड्या कोणाच्या दृष्टीस पडतात हे तोच ठरवीत असे. न दिसणाऱ्या तुकड्या नकाशावर मांडल्याच जात नसत. सेनापतीला शत्रू पूर्णपणे दिसत नाही, हे तत्त्व खेळाच्या नियमात आणण्याचे श्रेय राइसविट्झ याला द्यावे लागते. बुद्धिबळात हे शक्यच नव्हते.

प्रशियाच्या जनरल स्टाफचा तत्कालीन प्रमुख कार्ल फॉन म्युफ्लिंग याने हा खेळ पाहून त्याची जाहीर शिफारस केली आणि तो सैन्यात पसरला. हाच म्युफ्लिंग १८१५ च्या वॉटर्लू मोहिमेत वेलिंग्टनच्या मुख्यालयात प्रशियाचा संपर्क अधिकारी होता. या लेखाच्या शेवटच्या भागात येणाऱ्या वादाच्या दृष्टीने हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. कनिष्ठ राइसविट्झला मात्र यशाचा लाभ झाला नाही. राजधानीपासून दूर तोर्गाऊ येथे बदली झाल्यानंतर १८२७ मध्ये त्याने आत्महत्या केली.

पुढे नियम इतके क्लिष्ट झाले की कोष्टके पाहण्यातच अधिकाऱ्यांचा वेळ जाऊ लागला. त्यावर उपाय म्हणून फर्डी दु व्हेर्न्वा याने १८७६ मध्ये कोष्टके व फासे बहुतांशी काढून टाकून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर देणारी ‘मुक्त’ पद्धत मांडली. कोष्टक विश्वसनीय की अनुभवी माणसाचा निर्णय, हा वाद तेव्हापासून सुरू आहे व तो या खेळापुरता मर्यादितही नाही. परीक्षापद्धतीविषयी चर्चा करणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला तो ओळखीचा वाटेल.

दिवाणखान्यातील रणांगण

लष्करी खेळ नकाशावर चालू असताना सैनिकांच्या लघुमूर्ती वेगळ्याच वाटेने घराघरांत पोहोचत होत्या. न्युरेंबर्ग येथील कथिलकाम करणाऱ्या कारागिरांनी, विशेषतः हिल्पर्ट कुटुंबाने, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्र्यासारख्या चपट्या सैनिकांची निर्मिती केली. दगडी साच्यात कोरलेल्या या मूर्ती बाजूने पाहिल्या तरच मूर्ती वाटत. पूर्ण घडीव शिशाचे सैनिक सुंदर असत, परंतु धातू जास्त लागल्याने महाग पडत. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन याच्या कुटुंबाच्या कारखान्याने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाची पद्धत आणली. वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतायचा, साच्याला लागलेला बाहेरचा थर थिजताच आतला पातळ धातू बाहेर काढून टाकायचा, अशी ही कृती होती. वजन घटले आणि किंमतही. सुमारे ५४ मिलिमीटर उंचीचा ब्रिटनचा सैनिक मध्यमवर्गीय मुलांच्या खोलीत आला तो असा.

एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे छोटे पुस्तक लिहिले ते याच सैनिकांच्या आधारे. वेल्सच्या खेळात फासे नव्हते. स्प्रिंगच्या खेळण्यातील तोफेतून लाकडी गोळी प्रत्यक्ष उडवायची, ती लागून जो सैनिक पडेल तो मेला. पायदळाने एका पाळीत एक फूट चालायचे, घोडदळाने दोन फूट. दोन तुकड्या भिडल्या की साधारणतः एकास एक असे सैनिक बाद व्हायचे. राइसविट्झच्या तुलनेत हे नियम बाळबोध आहेत. पण वेल्सने जी एक गोष्ट केली ती प्रशियन अधिकाऱ्यांना सुचली नव्हती : त्याने युद्धखेळ नागरिकांच्या हाती दिला आणि युद्धाच्या विरोधात वापरला. तीन-चार वेळा हा खेळ खेळलेल्या माणसाला खरे युद्ध किती अवजड आणि चुकांनी भरलेले असेल याची कल्पना येईल, असा त्याचा युक्तिवाद होता. पुस्तकाला वर्ष होते न होते तोच पहिले महायुद्ध सुरू झाले.

आजच्या स्वरूपातील छंद दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील जॅक स्क्रबी याने १९५७ मध्ये ‘वॉर गेम डायजेस्ट’ हे नियतकालिक काढले. इंग्लंडमध्ये डोनाल्ड फेदरस्टोन याचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक १९६२ मध्ये आले. फेदरस्टोन महायुद्धात रणगाडा दलात होता आणि पुढे साऊदॅम्प्टन येथे भौतिकोपचार तज्ज्ञ म्हणून काम करीत असे. ब्रिगेडियर पीटर यंग व जेम्स लॉफर्ड यांचे ‘चार्ज!’ १९६७ मध्ये, चार्ल्स ग्रँटचे ‘द वॉर गेम’ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. एअरफिक्स कंपनीच्या स्वस्त प्लॅस्टिक सैनिकांमुळे शाळकरी मुलांनाही संपूर्ण सैन्य उभे करता येऊ लागले. या पिढीतील अनेकांनी प्रत्यक्ष युद्ध पाहिले होते, ही बाब विचार करण्याजोगी आहे. लढाई भोगून आलेली माणसे संध्याकाळी टेबलाभोवती जमून लढाई खेळत होती, आणि ती बहुधा स्वतःची नव्हे तर नेपोलियनच्या काळातील असे.

प्रमाणाचे गणित

युद्धखेळातील मुख्य अडचण जागेची आहे. समजा, नेपोलियनकालीन ६०० सैनिकांची पलटण मांडायची आहे. एक लघुमूर्ती म्हणजे २० सैनिक धरले तर ३० मूर्ती लागतील. ही पलटण तीन रांगांत उभी राहिली तर एका रांगेत २०० सैनिक येतात आणि प्रत्येकास सुमारे ५६ सेंटिमीटर जागा धरल्यास तिची रुंदी सुमारे ११२ मीटर होते. टेबलावर एक मिलिमीटर म्हणजे एक मीटर असे प्रमाण घेतले तर पलटणीने ११ सेंटिमीटर जागा व्यापली पाहिजे. सध्या सर्वाधिक प्रचलित असलेली मूर्ती २८ मिलिमीटर उंचीची असते व तिला किमान १५ मिलिमीटर रुंदीचा पाया लागतो. ३० मूर्ती दोन रांगांत लावल्या तर रुंदी साडेबावीस सेंटिमीटर होते, म्हणजे हवी त्याच्या दुप्पट. रुंदी जमविण्यासाठी चार रांगा केल्या तर खोली सात-आठ सेंटिमीटर भरते. म्हणजे प्रत्यक्षात चार-पाच मीटर खोल असलेली रांग टेबलावर सत्तर-ऐंशी मीटर खोल होते. याच हिशेबाने पाहिले तर तो सैनिक स्वतः २८ मीटर उंच आहे, आणि बारा सेंटिमीटर लांबीचे एक शेतघर हे १२० मीटरचे अख्खे गाव आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला ही विसंगती अपरिचित नाही. दिवाळीत अंगणात केलेल्या मातीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि महाराजांच्या सिंहासनाला दरवाजातून आत जाता येणार नाही, हे कोणाही मुलाच्या लक्षात येते. पण त्यामुळे किल्ला खोटा ठरत नाही. प्रमाण कोठे पाळायचे आणि कोठे मोडायचे याचा अलिखित करार तेथेही असतो. वॉरगेममध्ये तो करार लेखी असतो, एवढाच फरक.

जागेला जोडून काळाचा प्रश्न येतो. ३० मूर्तींनी गोळीबार केला व प्रत्येकीसाठी एक फासा टाकून सहा आल्यास नेम लागला असे धरले, तर सरासरी पाच मूर्ती बाद होतील. पाच मूर्ती म्हणजे १०० सैनिक. एका फैरीत ६०० पैकी १०० माणसे पडत असती तर अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील लढाया अर्ध्या तासात संपल्या असत्या. म्हणून नियमकार सांगतो की एक पाळी ही एका फैरीची नसून दहा-पंधरा मिनिटांची आहे. हे मान्य केले की नवा प्रश्न उद्भवतो. पंधरा मिनिटांत घोडदळ सबंध टेबल पार करू शकेल, मग त्याला दर पाळीला वीसच सेंटिमीटर का चालू द्यायचे? उत्तर असे दिले जाते की तुकड्या बहुतेक वेळ हुकमाची वाट पाहत, रांगा सावरत किंवा नुसत्या उभ्या असतात. हे उत्तर योग्य आहे. पण ते देताना नियमकार लढाईच्या स्वरूपाविषयी एक मोठे प्रतिपादन करून बसलेला असतो : रणांगणावरील अडथळा हा अंतराचा नसून निर्णयाचा आणि निरोपाचा असतो. चांगले नियम वाईट नियमांपासून येथे वेगळे होतात. फिल बार्कर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डी बेलिस अँटिक्विटॅटिस’ या प्राचीन युद्धांवरील नियमांत खेळाडू एक फासा टाकतो व जेवढा आकडा येईल तेवढ्याच तुकड्या किंवा गट हलवू शकतो. सेनापतीच्या हाती सर्व काही नसते, हे सांगायला त्यांना याहून अधिक काही लागले नाही.

‘दर्जा’ नावाचा आकडा

जवळपास प्रत्येक नियमसंचात तुकडीला एक दर्जा दिलेला असतो : निवडक, अनुभवी, सामान्य, कच्ची. गोळी लागून मरणाऱ्यांपेक्षा धीर सुटून मागे फिरणाऱ्यांमुळे लढाया अधिक वेळा हरल्या जातात, हे लक्षात घेऊन मनोधैर्याची चाचणी ठेवलेली असते व ती या दर्जावर अवलंबून असते. या ठिकाणी अत्यंत सावधपणे पाहण्याची गरज आहे. कारण पूर्वग्रह खेळात शिरतो तो बहुधा याच दारातून.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली असईची लढाई हे त्याचे बोलके उदाहरण होय. आजच्या जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त फौजेवर हल्ला केला. शिंद्यांच्या कवायती पलटणींचे नेतृत्व पोलमान या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याकडे होते. वॉरगेम खेळणाऱ्यांत ही लढाई लोकप्रिय आहे. लहान सैन्य, नदीचा उतार, बगलेवरचा हल्ला असे सर्व आकर्षक घटक तीत आहेत. निकाल ठाऊक असल्याने नियमकाराचा सोपा मार्ग असा की कंपनीच्या पलटणींना वरचा दर्जा द्यावा आणि शिंद्यांच्या पलटणींना खालचा. मग खेळाचा निकाल बहुधा इतिहासासारखाच येतो आणि सर्वांचे समाधान होते.

परंतु लढाईतील घटना या दर्जाशी जुळत नाहीत. वेलस्ली नदी उतरून बगलेवर येत आहे हे दिसताच पोलमानच्या पलटणींनी आपली आघाडी वळवून नव्या दिशेला तोंड केले. शत्रूसमोर अशी हालचाल कच्च्या पलटणींना साधत नाही. वेलस्लीलाही ती अनपेक्षित होती. मराठा गोलंदाज संगिनी अंगावर येईपर्यंत तोफांपाशी उभे राहिले. कंपनीच्या बाजूचे सुमारे १,६०० सैनिक मृत, जखमी व बेपत्ता झाले आणि आकाराच्या मानाने आपण पाहिलेली ही सर्वांत रक्तरंजित लढाई, असे वेलस्लीचे पुढील आयुष्यातही मत होते. खालचा दर्जा दिलेल्या मूर्ती टेबलावर असे काहीच करू शकणार नाहीत. त्या पहिल्याच चाचणीत पळतील.

याउलट दोन्ही बाजूंच्या पायदळाला समान दर्जा दिला तर पराभवाचे कारण अन्यत्र शोधावे लागते, आणि तेथून अभ्यासाला सुरुवात होते. युद्ध सुरू होताना कंपनी सरकारने शिंद्यांच्या नोकरीतील ब्रिटिश व ब्रिटिश वंशाच्या अधिकाऱ्यांना ती सोडण्याचे आवाहन केले होते व अनेकांनी ती सोडलीही. म्हणजे पलटण कवायतीत तरबेज, पण तिला हुकूम देणारी मधली फळी विस्कटलेली. मोठे मराठा घोडदळ निर्णायक क्षणी लढाईत पडले नाही. याचाही संबंध सैनिकाच्या दर्जापेक्षा संयुक्त फौजेतील नेतृत्वाशी अधिक आहे. म्हणून नियमांत कमी करायचा तो सैनिकांचा दर्जा नव्हे, सेनापतींची हुकूम पोहोचविण्याची क्षमता, असे म्हणता येते. या बदलाने शिंद्यांची फौज अधिक चिवट होते, वेलस्लीचा विजय अधिक अनिश्चित होतो, आणि असईविषयीच्या समकालीन वृत्तांतांशी खेळ अधिक जुळतो. हे मत मान्य नसलेला अभ्यासक दुसरा आकडा सुचवू शकतो. मात्र त्याला तो पुराव्यानिशी सुचवावा लागेल.

युद्धखेळाचा अध्यापनातील उपयोग येथे आहे. इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत इतिहासाचे अध्यापन करणाऱ्या पॅडी ग्रिफिथ यांनी १९७४ मध्ये जर्मनीच्या १९४० च्या नियोजित ब्रिटन-आक्रमणाचा खेळ तेथे आयोजित केला होता. पंचमंडळात दोन्ही बाजूंच्या माजी सेनाधिकाऱ्यांचा समावेश होता. जर्मन फौज किनाऱ्यावर उतरली, पण ब्रिटिश नौदल खाडीत आल्यावर तिची रसद तुटली आणि आक्रमण फसले. निकालापेक्षाही कोणती गृहीतके धरली यावर झालेला ऊहापोह अशा प्रयोगात मोलाचा असतो.

रंगकाम

छंदाचा बराच मोठा वेळ खेळण्यात नव्हे, रंगविण्यात जातो. मूर्तीवरील साच्याच्या रेषा कानशीने घासून काढणे, प्रायमरचा हात देणे, अंगरखा, पट्टे, चेहरा, बंदूक असे एकेक भाग भरणे, पातळ गडद रंग खाचांत सोडणे आणि उंचवट्यांवर फिका रंग ओढणे अशी सामान्य कृती असते. शेवटी वॉर्निश, कारण मूर्ती हाताळली जाणार असते. मूर्तीवर सावल्या रंगवाव्या का लागतात, हा रास्त प्रश्न आहे. मूर्ती लहान करता येते, प्रकाश लहान करता येत नाही. खोलीतील दिव्याचा उजेड अर्ध्या मिलिमीटरच्या चुणीत खऱ्या कापडासारखी सावली पाडत नाही. म्हणून ती कुंचल्याने पाडावी लागते. तसेच लहान पृष्ठभागावर रंग अधिक गडद भासतो, त्यामुळे गणवेशाचा मूळ निळा थोडा उजळ करूनच लावतात. अचूक रंग लावला तर मूर्ती चुकीची दिसते.

गणवेशाच्या माहितीसाठी या छंदाने स्वतःचे संशोधन उभे केले. १९७१ पासून निघत असलेली ऑस्प्रे प्रकाशनाची ‘मेन-ॲट-आर्म्स’ ही सचित्र मालिका त्याचे सर्वपरिचित फळ होय. गुंड्यांची संख्या, कॉलरचा रंग, बिल्ल्याचा आकार यांविषयी हौशी रंगकर्मींची जाण पुष्कळदा व्यावसायिक इतिहासकारांना लाजविणारी असते. तिची मर्यादाही स्पष्ट आहे. नियमपुस्तिकेतील गणवेश आणि मोहिमेवरचा गणवेश यांत फार अंतर असते. वॉटर्लूच्या आदल्या रात्री दोन्ही सैन्ये मुसळधार पावसात उघड्यावर होती; सकाळी कोणाचीही विजार पांढरी असण्याचा संभव नव्हता. टेबलावर मात्र ती बहुधा पांढरीशुभ्र असते. सुबकतेचा मोह येथे पुराव्यावर मात करतो, आणि चिखल व जखमी माणसे यांना त्या टेबलावर जागा राहत नाही. वेल्सचा युक्तिवाद आज थोडा भाबडा वाटतो तो यामुळेच.

सायबर्नची प्रतिकृती

लघुसैनिक मांडणे हे किती गंभीर कृत्य ठरू शकते याचे सर्वांत ठळक उदाहरण खेळातील नसून एका प्रतिकृतीचे आहे. असईचा विजेता वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनला रोखले. १८३० मध्ये ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड हिल याच्या सूचनेवरून विल्यम सायबर्न या अधिकाऱ्याने या लढाईची प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले. सायबर्न भूमापनात निष्णात होता. रणांगणाच्या मधोमध असलेल्या ला ए सेंत या शेतवाडीत राहून त्याने सुमारे आठ महिने जमिनीचे मोजमाप केले. प्रमाण ठरले ते एका मैलास नऊ फूट, म्हणजे साधारणतः १:५८७. आणि सैनिक सुमारे एक सेंटिमीटर उंचीचे, म्हणजे जमिनीच्या तिपटीहून मोठे. प्रमाणाचा करार त्यालाही मोडावाच लागला.

दाखवायचा क्षण होता संध्याकाळी सातच्या सुमाराचा, नेपोलियनच्या शाही गार्ड पलटणींनी केलेल्या अखेरच्या हल्ल्याचा. त्या क्षणी कोणती तुकडी नेमकी कोठे होती हे कोणत्याही अहवालात एकत्र नव्हते. म्हणून १८३४ च्या सुमारास सायबर्नने हयात असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना परिपत्रक पाठविले : आपली तुकडी कोठे होती, समोर कोण होते, जमिनीवर कोणते पीक होते. शेकडो उत्तरे आली. प्रशियाच्या सैन्याविषयी त्याने बर्लिनहून माहिती मागविली. इतिहासलेखनाच्या दृष्टीने ही पद्धत तिच्या काळाच्या पुढे होती. विजयी सेनापतीचा अहवाल प्रमाण न मानता त्याने शेकडो साक्षीदार तपासले.

अडचण उद्भवली ती प्रशियनांमुळे. ब्ल्यूशरच्या सैन्यापैकी ब्यूलोची फौज दुपारी साडेचारच्या सुमारासच प्लांसन्वा गावाच्या बाजूने फ्रेंचांच्या उजव्या बगलेवर आली होती, आणि सातच्या सुमारास झीटेनची फौज वेलिंग्टनच्या डाव्या बगलेला पोहोचत होती. सायबर्नने हजारो प्रशियन सैनिक मांडले. शाही गार्डचा हल्ला परतविला जात असताना फ्रेंच सैन्य दोन बाजूंनी दाबले गेलेले पाहणाऱ्याला दिसत होते. वेलिंग्टनच्या अहवालात प्रशियनांच्या मदतीचा उल्लेख होता. पण विजयाचा निर्णायक क्षण ब्रिटिश रांगेसमोर घडला हीच धारणा इंग्लंडमध्ये रूढ होती. या मांडणीमुळे पाहणाऱ्यांचा गैरसमज होईल, असा आक्षेप वेलिंग्टनच्या बाजूने घेण्यात आला. लिखित ग्रंथात अशी बाब तळटीपेत टाकता आली असती. प्रतिकृतीत तळटीप नसते. सैनिक एकतर तेथे असतो किंवा नसतो.

१८३३ मध्येच सरकारी निधी थांबला होता आणि सायबर्नवर कर्जाचा बोजा होता. प्रतिकृती अखेर ऑक्टोबर १८३८ मध्ये लंडनच्या पिकॅडिलीमधील इजिप्शियन हॉलमध्ये प्रदर्शित झाली. लोकांनी गर्दी केली, तथापि कर्ज फिटले नाही. पुढे सायबर्नने प्रशियन सैनिकांपैकी मोठा भाग प्रतिकृतीवरून काढून टाकला. तो दबावाला बळी पडला असे काही अभ्यासक म्हणतात. नव्या पुराव्याच्या आधारे त्याने प्रामाणिक दुरुस्ती केली असे इतरांचे मत आहे. त्याची आर्थिक व नोकरीतील अवस्था पाहता दबावाचा वाटा नव्हता असे मानणे कठीण जाते, मात्र आपल्या १८४४ च्या ग्रंथात प्रशियनांना त्याने वगळलेले नाही, हेही नोंदविले पाहिजे. सायबर्न १८४९ मध्ये मरण पावला.

सत्तर हजारांहून अधिक लघुसैनिकांची ती प्रतिकृती आज लंडनमधील चेल्सी येथील नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. तिच्यासाठी मागविलेली पत्रे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांतील निवडक पत्रे सायबर्नच्या मुलाने १८९१ मध्ये प्रसिद्ध केली. उरलेल्यांपैकी बरीच पत्रे २००४ मध्ये गॅरेथ ग्लोव्हर यांनी संपादित केली, तेव्हा पहिल्या निवडीतून काय वगळले गेले होते हेही ताडून पाहता येऊ लागले. वॉटर्लूचे नियम रचणारे आजचे खेळाडू या दोन्ही संग्रहांचा आधार घेतात. आणि प्रशियनांची पहिली तुकडी टेबलाच्या कडेवर कोणत्या पाळीला आणावी, हा त्यांच्यातील वाद अद्याप मिटलेला नाही.